शब्दचर्चा : 'अधिवृक्क शिरा नमुनाकरण' आणि त्यातलं 'प्राथमिक'

मूळ प्रश्न, नौपाड्याहून

माझे धाकटे दीर वाशीला असतात. वय 46. बीपीच्या चार गोळ्या घेऊनही वरचा आकडा 160 च्या खाली येईना, पोटॅशियम सारखं कमी आणि रात्री पोटऱ्यांत वांब. रक्ताच्या तपासण्यांत अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक) खूप जास्त आणि त्याला हुकूम देणारं, मूत्रपिंडातून येणारं रेनिन जवळजवळ नाहीच, असं निघालं. मग एक तपासणी ठरली. तिच्या संमतिपत्राचा मराठी मथळा असा होता : 'प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझमकरिता अधिवृक्क शिरा नमुनाकरण'.

सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "प्राथमिकच आहे ना? मग एवढी घाई कशाला? वाढलं तर बघू." दिरांना 'नमुनाकरण' म्हणजे आपल्यावर काहीतरी प्रयोग करणार आहेत असं वाटलं. सही करायला तासभर लागला. हे नीट मराठीत कसं म्हणायचं?

घंटाळीहून (निवृत्त संस्कृत शिक्षक)

तुमच्या सासूबाईंचं काही चुकलं नाही. मराठीत 'प्राथमिक' म्हणजे सुरुवातीचं, पहिल्या पायरीचं. प्राथमिक शाळा, प्राथमिक फेरी, प्राथमिक अंदाज. इंग्रजीतल्या 'प्रायमरी'चे दोन अर्थ आहेत : एक पहिलं आणि दुसरा मूळचं. इथे दुसरा हवा. बिघाड ग्रंथीतच आहे, रेनिनचा हुकूम नसताना ती आपल्याच मर्जीने अल्डोस्टेरॉन सोडते आहे, एवढंच त्या शब्दाला सांगायचं आहे. रेनिन वाढल्यामुळे अल्डोस्टेरॉन वाढलं असेल, तर तो 'दुय्यम' प्रकार. आणि आपल्याकडे 'दुय्यम' म्हणजे कमी महत्त्वाचं. एकाच जोडीत दोन खड्डे! मी 'ग्रंथीजन्य' म्हणेन. आजार किती पुढे गेलाय हा गोंधळच मग उरत नाही.

'वृक्क' हा मूत्रपिंडासाठी संस्कृत शब्द, 'अधि' म्हणजे वर. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ती अधिवृक्क ग्रंथी. 'अॅड्रीनल'मधलं लॅटिनही जवळपास तेच सांगतं : मूत्रपिंडालगतची. शब्द चांगला आहे, पण मराठी घरात 'वृक्क' कुणी म्हणत नाही.

अवांतर : 'ग्रंथी' आणि 'गाठ' मुळात एकच शब्द. ग्रंथी घासून घासून गाठ झाली. म्हणून 'ग्रंथीत गाठ आहे' हे वाक्य मला नेहमी गमतीचं वाटतं. रुग्णाला अर्थातच वाटत नसणार.

नेरूळहून

'नमुना' माणसाला लावला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि 'सॅम्पल' म्हटलं तरी सुटका नाही. आमच्या ऑफिसात एक सॅम्पल आहे, त्याच्यावर स्वतंत्र धागा काढता येईल.

ऐरोलीहून (कॅथलॅबमध्ये काम करते)

आम्ही कुणीच 'नमुनाकरण' म्हणत नाही. आपसात 'एव्हीएस', म्हणजे 'अॅड्रीनल व्हेन सॅम्पलिंग'. पेशंटला सांगताना : "काका, जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेणार, दोन्ही ग्रंथींतून निघणाऱ्या शिरांतलं रक्त वेगवेगळं घेणार. भूल जागेपुरती, तुम्ही जागेच असाल." एवढ्यावर बहुतेकांना कळतं.

पण शब्द निवडताना आत काय घडतं तेही लक्षात घ्या. डावी शीर त्या मानाने शहाणी. ती डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, त्यामुळे वाट धरून जाता येतं. उजवी आखूड, बारीक, आणि थेट पोटातल्या महाशिरेत उघडते. तिचं तोंड शोधण्यातच वेळ जातो. वॉर्डात हाताला सुई लावताना "शीर सापडत नाही" म्हणतो ना, तेच वाक्य इथे डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणतात. सापडली तरी जोराने ओढून चालत नाही, शीर मिटते, क्वचित फाटतेही. थेंब थेंब येऊ द्यायचं. नळ्यांवर उजवी, डावी, महाशीर, वेळ, अशा चिठ्ठ्या आधीच लावून ठेवते. इथे अदलाबदल झाली तर पुढे ऑपरेशनात भलत्या बाजूची ग्रंथी जायची.

आणि नुसतं अल्डोस्टेरॉन मोजत नाहीत, सोबत याच ग्रंथींचं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉलही. तो साक्षीदार. नळी खरंच त्या शिरेत होती का, हे तो सांगतो. साध्या शिरेतल्या रक्तापेक्षा तिथलं कॉर्टिसॉल निदान दुप्पट हवं, उत्तेजक औषध दिलं असेल तर साधारण पाचपट. नाहीतर ते रक्त दुसरीकडचंच.

कोपरीहून

आमच्या वेळच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला होत्या. मुलीच्या पुस्तकात धमनी आणि शिरा. घरात आई 'नस' म्हणते आणि त्यात दोन्ही आले, वर मज्जातंतूही आले. 'नीला' गेली याचं मला वाईट वाटतं, किती नेमका रंग होता त्यात. पण संमतिपत्रावर 'अधिवृक्क नीला' लिहिलं तर पेशंट विचारेल, ही कोण?

नौपाड्याहून

ऐरोलीच्या ताई, तुमचं वाचून माझा प्रश्नच बदलला. मी 'नमुना'ला पर्याय शोधत होते. पण नमुना म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, थोडं बघून सगळ्याचा अंदाज. इथे तसं काहीच नाही. आजार आहे हे आधीच ठरलंय. बघायचंय ते एवढंच, की दोन ग्रंथींतली कोण करतेय. दिरांच्या सीटीत डावीकडे 1 सेंटिमीटरची गाठ दिसली होती. "मग काढून टाका की," असं आम्ही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, या वयात बिनकामाच्या गाठीही सापडतात. दिसते ती डावीकडे आणि उद्योग उजवीचे, असंही असू शकतं. पस्तिशीच्या आतला पेशंट आणि सगळं अगदी स्पष्ट असतं, तर कदाचित ही तपासणी टाळता आली असती.

म्हणजे आपल्याकडे याला शब्द तयार आहे : डावं-उजवं करणं. अक्षरशः!

नेरूळहून

पण डावं-उजवं करणं म्हणजे पक्षपात. आजी दोन नातवंडांत करायची तसा.

घंटाळीहून

तो एक अर्थ. बरं-वाईट निवडणं हाही आहेच. आंब्याच्या पेटीपाशी बसून आपण डावं-उजवंच करतो. कॉर्टिसॉलच्या प्रमाणात मांडल्यावर एका बाजूचं अल्डोस्टेरॉन दुसरीच्या चारपटीहून जास्त भरलं की बहुतेक ठिकाणी बाजू ठरली असं धरतात, आणि ती ग्रंथी दुर्बिणीतून काढतात. 'लॅटरलायझेशन'ला 'पार्श्वीकरण' असला शब्द घडवण्यापेक्षा 'बाजू ठरणं' किती सोपं.

आणि दोन्ही सारख्याच बिघडलेल्या निघाल्या तर? तिथेही म्हण हजर : एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. फरक इतकाच, की इथे कुणालाच काढत नाहीत. अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या देऊन दोघींना सांभाळतात.

ऐरोलीहून

सर, 'डावं-उजवं' छापील फॉर्मवर कुणी घेणार नाही, पण बोलताना मी वापरायला लागेन. फॉर्मसाठी माझं मत : 'दोन्ही अधिवृक्क ग्रंथींच्या शिरांतील रक्ताची तुलना'. 'अधिवृक्क'च्या पुढे कंसात 'मूत्रपिंडावरील' घालावं.

नौपाड्याहून

तुलना! हाच शब्द हवा होता. 'मूत्रपिंडावरील' मात्र नको, कारण ऐका.

दिरांची बाजू ठरली, डावीच निघाली. मागच्या महिन्यात ग्रंथी काढली. पोटॅशियम जागेवर आलं आणि चार गोळ्यांवरून एकीवर आलेत. सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगत होत्या, "किडनीवरची गाठ होती, ती काढली." चार दिवसांनी वाशीच्या सोसायटीतल्या काकू नारळपाणी घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, "एका किडनीवर भागतं ना हो आता? कुणाची मिळेल का, बघताय का?"