घरातल्या माणसालाही आपल्या मोबाइलचा पासवर्ड ठाऊक नसावा, असे माझे मत आहे

उंबरठा

दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या मामांच्या खात्यातून एका रात्रीत ८७ हजार रुपये गेले. मामा साताऱ्याला राहतात, निवृत्त शिक्षक आहेत आणि व्यवहाराला इतके काटेकोर आहेत की ओटीपी कोणाला सांगू नये हे तेच इतरांना बजावत असतात. त्यांनी तो कोणाला सांगितलाही नव्हता. आदल्या दुपारी व्हॉट्सॲपवर ‘आपल्या वाहनाचे चलान थकले आहे’ असा निरोप आला, सोबत एक फाइल होती, तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे होती, म्हणजे ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल होती, आणि स्कूटरचा दंड खरोखरच राहिला असेल या समजुतीने मामांनी ती उघडली. फोनने एकदा सावध केले. मग त्या ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, मग संदेशांचे मुख्य ॲप म्हणून मलाच ठेवा असे सुचवले, आणि शेवटी एक रुपया भरून पडताळणी करण्यासाठी कार्डाचा क्रमांक विचारला. मामांनी सगळीकडे होकार दिला. ॲपचे चित्र पडद्यावरून नाहीसे झाले तेव्हा ते आपोआप उडाले असावे असे त्यांना वाटले. रात्री बँकेचे ओटीपी त्यांच्याच फोनवर आले, पण फोन वाजला नाही, आणि सकाळी पाहिले तेव्हा ते संदेश कोणीतरी आधीच वाचल्याप्रमाणे फिकट दिसत होते.

त्यानंतर मी घरातले सहाही फोन घेऊन बसलो. कोणत्या ॲपला संदेश वाचण्याची परवानगी आहे, सूचना वाचण्याची मुभा कोणाला आहे आणि संदेशांचे मुख्य ॲप कोणते आहे, एवढ्या तीनच गोष्टी पाहायच्या ठरवल्या. माझ्या स्वतःच्या फोनात विजेरीच्या एका जुन्या ॲपला संदेश वाचण्याची परवानगी निघाली. गूगलने २०१८ च्या अखेरीस आपल्या दुकानातल्या ॲपांना अशी परवानगी मागण्यावर कडक बंधने आणली. माझे विजेरीचे ॲप त्याच्या आधीपासूनचे असून फोन बदलताना ते मुकाट्याने नव्या फोनात आले होते.

चौथी गोष्ट मला मामांच्या प्रकरणापेक्षाही अस्वस्थ करणारी वाटली. गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये फोन संगणकाशी जोडण्याची सोय आहे. संगणकाच्या पडद्यावरचा चौकोनी कोड फोनने टिपला की सगळे संदेश त्या संगणकावर दिसू लागतात. व्हॉट्सॲपचेही तेच, आणि आयफोनमध्ये संदेश आपल्या दुसऱ्या उपकरणाकडे पाठवण्याची सोय आहे. यासाठी कोणतेही चोरटे ॲप लागत नाही, फक्त उघडा फोन दोन मिनिटे हातात असावा लागतो. आणि उघडा फोन दोन मिनिटे कोणाच्या हातात येतो, तर घरातल्याच माणसाच्या.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की नवरा, बायको, मुले, भाऊ, कोणालाही दुसऱ्याच्या फोनचा पासवर्ड ठाऊक असू नये. यात अविश्वास नाही. पोस्टातून आलेले दुसऱ्याच्या नावाचे पाकीट आपण फोडत नसू, तर फोनला वेगळा न्याय कशासाठी?

भरली वांगी

मामांबद्दल वाईट वाटले, परंतु त्या घटनेतून हा निष्कर्ष कसा निघतो ते मला समजले नाही. मामांना घरातल्या माणसाने फसवले नाही. उलट त्या दुपारी घरातल्या कोणीतरी त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावले असते, तर पैसे वाचले असते.

माझी आई ७४ वर्षांची आहे, नागपूरला एकटी राहते आणि मी बेंगळुरूला असतो. तिच्या फोनचा पासवर्ड मला, माझ्या बहिणीला आणि शेजारच्या काकूंना ठाऊक आहे. घराची एक किल्ली शेजारी ठेवण्याची आपली रीत आहेच, त्यातलाच हा प्रकार. गेल्या पावसाळ्यात आई रुग्णालयात होती, तेव्हा विम्याचा ओटीपी तिच्या फोनवर येत होता आणि ती ऑक्सिजनवर होती. काकूंनी फोन उघडून तो मला वाचून दाखवला. आपल्या नियमाने चाललो असतो तर काय केले असते, हे हा धागा सुरू करणाऱ्या उंबरठा यांनी सांगावे. खासगीपणाची ही कल्पना तरुण, धडधाकट आणि स्वतःचा फोन स्वतः हाताळू शकणाऱ्या माणसांची आहे. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला कोड सांगण्यासाठी चष्मा शोधणाऱ्या बाईची ती नाही.

मुक्काम पोस्ट

मामांचे पैसे परत मिळाले का?

उंबरठा

सकाळी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केली, त्यामुळे ३१ हजार पुढच्या एका खात्यात गोठवले गेले आणि अडीच महिन्यांनी परत आले. बाकीच्या रकमेवर बँकेशी पत्रव्यवहार चालू आहे. आपण स्वतः परवानगी दिलीत, असे बँकेचे म्हणणे आहे.

तारमास्तर

मी दूरसंचार खात्यात ३४ वर्षे होतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे टोचणारे लिहितो. पासवर्ड आईचा असो की मामांचा, तो फक्त फोनचा पडदा राखतो. एसएमएस हा संदेश मुळातच उघडा आहे.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. कॉल जोडण्यासाठी यंत्रणा आपापसात जे इशारे देते, त्या इशाऱ्यांच्या वाटेवरच हे संदेश बसवले गेले, आणि त्या वाटेवर जागा थोडी म्हणून रोमन अक्षरे १६० आणि देवनागरी जेमतेम ७०. मराठीत लिहिलेला संदेश दोन-तीन तुकड्यांत का जायचा, याचे कारण हेच. संदेश फोनपासून मनोऱ्यापर्यंत जाताना त्याला एक पातळ आवरण असते, पण पुढे कंपनीच्या केंद्रात तो वाचता येईल अशाच रूपात असतो. या इशाऱ्यांच्या व्यवस्थेला एसएस७ म्हणतात. ती १९७० च्या दशकातली आहे, तेव्हा तिच्यात मोजक्या, बहुतेक सरकारी, दूरध्वनी संस्था होत्या आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाच तिचा पाया होता. ‘हा ग्राहक सध्या माझ्या जाळ्यात आला आहे, त्याचे संदेश इकडे द्या’ असे एका कंपनीने म्हटले की दुसरी ते मान्य करी. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत जर्मन संशोधकांनी याचा गैरवापर कसा होतो ते जाहीरपणे दाखवले, आणि २०१७ मध्ये जर्मनीतच चोरांनी याच वाटेने ओटीपी वळवून लोकांची खाती रिकामी केली. त्या ग्राहकांच्या फोनवर कोणतेही चोरटे ॲप असण्याची गरज नव्हती. त्यांनी कितीही मोठा पासवर्ड ठेवला असता तरी हे संदेश वळलेच असते.

तेव्हा घरात भिंती उभारण्यापेक्षा, पैशाची गोष्ट एसएमएसवर सोपवू नका, असे बँकांना सांगणे अधिक नेमके होईल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जे निर्देश काढले, त्यांत एसएमएसखेरीज इतर पडताळणीला मोकळीक दिली असून १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख ठेवली आहे.

जाता जाता आणखी एक. ‘स्टार-हॅश-२१-हॅश दाबा, तुमचे संदेश कोणी वाचत असेल तर लगेच कळेल’ असा निरोप अनेक समूहांत फिरतो. त्या आकड्यांनी फक्त कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते कळते. एसएमएस कॉलसारखा फोनवर आकडे दाबून वळवता येत नाही आणि फोनमध्ये बसलेले चोरटे ॲप तर या आकड्यांना मुळीच दिसत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की ओटीपी आवाजी कॉलवरही मागवता येतो आणि तो कॉल कोणी वळवला असेल तर लक्षात येते.

उंबरठा

तारमास्तरांनी सांगितलेले सर्व मान्य आहे, तरी चोर कोणत्या वाटेने येतो हे पाहिले पाहिजे. इशाऱ्यांच्या जाळ्यात शिरण्यासाठी त्या जाळ्याशी जोडणी लागते, आणि ती कोठूनतरी विकत घ्यावी लागते. मामांना आलेली फाइल मात्र त्याच दिवशी हजारो लोकांना फुकट पाठवता येते. दारच उघडे असताना भिंतीला भोक कोण पाडील?

आणि सर्वच कुलपे पडद्याची नसतात. फोन चोरीला गेला की चोर तुमच्या पासवर्डशी झटापट करत बसत नाही. तो सिम काढतो आणि आपल्या साध्या फोनात घालतो. तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर येऊ लागतात. सिमला स्वतःचा चार आकडी पिन लावता येतो, मग दुसऱ्या फोनात घातल्याबरोबर ते सिम आधी पिन विचारते. माझ्या सहा फोनांपैकी एकावरही तो लावलेला नव्हता. मात्र लावताना सांभाळावे: कंपनीने मुळात ठेवलेला आकडा आधी विचारून घ्यावा लागतो, तीनदा चुकले की पुढे पीयूके, म्हणजे अडकलेले सिम उघडण्याचा कंपनीचा क्रमांक लागतो आणि तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचे निकामी होते. आमच्या चिरंजीवांनी दोन अंदाज वाया घालवल्यावर मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

भरली वांगी यांच्या रुग्णालयाच्या उदाहरणाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात काकूंकडे ठेवावा, एवढेच सुचते. पाकीट फोडले की ते फोडल्याचे दिसते.

वटहुकूम

मी वकिली करते, आणि दिवाणी व कौटुंबिक न्यायालयांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रोज पाहते, म्हणून धागाकर्त्यांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी लिहिते.

आधी मामांचे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर तक्रार देईपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि तक्रारीनंतरचे बँकेचे. दिशाभूल करून घेतलेली परवानगी हा निष्काळजीपणा ठरतो का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. मामांनी ओटीपी दिलेला नाही, तो त्यांच्याकडून घेतला गेला, हे पत्रात ठळकपणे मांडावे. पत्रव्यवहार निष्फळ ठरल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आता घरातल्या माणसांविषयी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ नुसार, मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या उपकरणात शिरून माहिती घेणे, ते अप्रामाणिक हेतूने केले असेल तर, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा पाच लाखांपर्यंतच्या दंडाचा, किंवा दोन्हींचा गुन्हा आहे, आणि नवरा-बायको असल्यास हे लागू नाही असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. परंतु १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की पती-पत्नीतील चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण त्यांच्याच वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येते. जोडीदारावर पाळत ठेवण्याची वेळ येते तेव्हा ते नाते आधीच मोडलेले असते, असाही त्या निकालाचा रोख आहे. निकाल संभाषणाविषयीचा आहे, संदेशांविषयीचा नाही. तरीही आमच्याकडे येणारी पक्षकार मंडळी आता दुसऱ्याच्या फोनमधल्या संदेशांची छायाचित्रे घेऊनच येतात आणि ती कशी मिळवली असे विचारले की गप्प बसतात. मागच्या महिन्यात एका बाईंनी मला सांगितले की माहेरी कोणाशी काय बोलणे झाले ते संध्याकाळी नवरा शब्दशः म्हणून दाखवतो. त्यांच्या व्हॉट्सॲपला घरातला एक लॅपटॉप जोडलेला निघाला. जोडलेला लॅपटॉप तेवढा काढून टाका, असे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही, कारण तो अचानक तुटल्याचे नवऱ्याला कळले असते आणि घरी काय झाले असते ते सांगता येत नव्हते. आधी त्या भावाकडे गेल्या, मग आम्ही तो काढला.

घरात सर्वांना एकमेकांचे पासवर्ड ठाऊक असावेत, असे म्हणणाऱ्यांनी या बाईंच्या घरातही ते खरेच होते, हे लक्षात घ्यावे.

भरली वांगी

वटहुकूम यांचे शेवटचे वाक्य मला लागले, हे मान्य करतो, पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही. तिथे पासवर्ड मागून घेतलेला होता, माझ्या आईने तो आपण होऊन दिलेला आहे. देणारी व्यक्ती केव्हाही तो परत घेऊ शकते की नाही, फरक तिथे आहे. पाकिटाची सूचना मात्र चांगली आहे, काकूंना सांगतो.

शनिवारी नागपूरला आलो आहे. धागा वाचल्यामुळे आईचा फोन धागाकर्त्यांच्या पद्धतीने तपासला. परवानग्या ठीक होत्या. संदेशांच्या ॲपमध्ये मात्र एक संगणक जोडलेला निघाला. आई घाबरली, मीही काही क्षण घाबरलो, मग त्याचे नाव वाचले. तो माझा जुना लॅपटॉप होता. तीन वर्षांपूर्वी तिचे वीजबिल भरताना ओटीपी पटकन मिळावा म्हणून मीच तो जोडला होता, आणि गेल्या वर्षी तो लॅपटॉप मी मेहुण्याच्या मुलाला अभ्यासासाठी दिला. त्याला फोन करून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “हो मामा, आजीचे मेसेज येतात कधी कधी. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”