वेल्श नावांतला जोड एल: ल्ल, थ्ल की ल्ह?

प्रश्न : एल-एल-वाय-डब्ल्यू-ई-एल-वाय-एन हे वेल्श नाव मराठीत कसं लिहावं? लायवेलिन, लेवेलिन, थ्लेवेलिन, सगळं वाचून झालं.

प्रतिसाद : ‘ल्हवेलिन’ लिहा. वेल्श वर्णमालेत जोड एल हे स्वतंत्र अक्षर आहे. कोशातही त्याचे शब्द साध्या एलनंतर वेगळे येतात. ‘ल’ म्हणताना जीभ टेकते तिथेच ठेवा, आवाज न काढता जिभेच्या कडांवरून हवा सोडा. ही फुसफुस इंग्रजी कानाला ‘ल’च्या आधीची वाटते, म्हणून ‘थ्ल’ किंवा ‘फ्ल’ होतं. ‘ल्हुइड’चं (अर्थ करडा) एकीकडे लॉइड झालं ते असं, आणि दुसरीकडे फ्लॉइड!

वाय दोनदा आहे आणि दोन्हीकडे उच्चार वेगळा. शेवटच्या अवयवात (शब्दाच्या उच्चारतुकड्यात) ‘इ’, त्याआधी बहुधा ‘अ’. आघात उपान्त्य अवयवावर, म्हणजे ‘वे’वर.

प्रतिसाद : ‘ल्ह’ चालेल, पण जवळपासचा म्हणूनच. गळ्यावर बोट ठेवून ‘कोल्हा’ म्हणा, कंप जाणवतो. वेल्श ध्वनीत तो नको. ‘वऱ्हाड’मधल्या ‘ऱ्ह’चंही तेच, तरी ऱ्हीस, ऱ्हिआनन ही नावं लिहायला इंग्रजांपेक्षा आपली सोय बरी. ‘ल्ल’ मात्र नकोच, ते द्वित्त झालं, म्हणजे ‘ल’ दोनदा.

प्रश्न : मुलीचं ब्रॉनवेन की ब्रॉनविन?

प्रतिसाद : वेन. ‘ग्विन’ म्हणजे पांढरा, ‘ग्वेन’ म्हणजे पांढरी. नावाच्या शेवटी ‘ग’ गळतो. वेल्सबाहेर मुलींना सर्रास ब्रॉनविन लावतात, ते वेल्श कानाला मुलीचं नाव ‘गोरा’ ठेवल्यासारखं वाटतं. ग्वेनल्हिअनमध्येही तीच ‘ग्वेन’. या नावाची राजकन्या 1282 साली जन्मली, तान्हेपणीच लिंकनशरमधल्या मठात डांबली गेली आणि 1337 साली तिथेच वारली.

प्रतिसाद : एक भर. वेल्शमध्ये एकटा एफ म्हणजे ‘व’, जोड एफ म्हणजे ‘फ’. त्यामुळे ई-एफ-ए ही एफा नव्हे, एवा. जोड डी हा घर्षक (हवा घासत सोडलेला) ‘द’, म्हणून दाविद, ग्रिफिद. ‘ग्रिफिथ’ हे इंग्रजी वळण. आणि ‘शान’ (एस-आय-ए-एन) लिहिताना ए-वरची टोपी विसरू नका. तिला वेल्शमध्ये ‘तो बाख’, म्हणजे छोटं छप्पर म्हणतात. ‘शा’ लांबवायचा, हे तीच सांगते.