१९९८च्या करारातल्या पुस्तकाचे ई-पुस्तक काढण्याचा हक्क कोणाचा?

सावरी: माझ्या वडिलांचा कथासंग्रह १९९८ साली एका प्रकाशकाने काढला. हजार प्रतींची पहिली आवृत्ती संपायला नऊ वर्षे लागली आणि दुसरी निघालीच नाही. वडील २०१६ साली गेले. गेल्या महिन्यात भाचीने फोनवर याच संग्रहाचे ९९ रुपयांचे ई-पुस्तक दाखवले, तेव्हा ते विक्रीला असल्याचे आम्हाला प्रथमच कळले. त्याचा हिशेब सोडाच, साधे पत्रही आमच्याकडे आलेले नाही. कपाटात सापडलेला करार एका पानाचा आहे: ‘सदर पुस्तक प्रकाशित करण्याचे हक्क प्रकाशकास देत आहे’ हे वाक्य, छापील किमतीवर दहा टक्के मानधन, तारीख आणि दोन सह्या. मुदतीचा उल्लेख कुठेही नाही. हा संग्रह मला स्वतः ऑनलाइन आणायचा आहे. तसे करता येईल का?

कलमदान: करारात मुदत नाही, हेच तुमच्या पथ्यावर पडण्यासारखे आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांच्या हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. ही तरतूद १९९४च्या दुरुस्तीने आली आणि १० मे १९९५ पासून लागू झाली. त्याआधीच्या करारांना ती लागत नाही, म्हणून तारीख आधी नीट पाहा. तुमचा करार १९९८चा असेल, तर ती मुदत २००३ मध्येच संपली असे म्हणता येते. त्याशिवाय २०१२च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असेही आले की, करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय हस्तांतरित होत नाहीत. मात्र जुन्या करारांना हे लावण्यावरून वकील वाद घालू शकतात, तेव्हा सारी भिस्त पाच वर्षांच्या मुद्द्यावरच ठेवा.

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे कॉपीराइट टिकतो, म्हणजे तुमच्याकडे २०७६ अखेरपर्यंत वेळ आहे. वारस एकापेक्षा जास्त असतील, तर सर्वांची लेखी संमती घ्या. असे व्यवहार घरातच अडकतात, हे मी जवळून पाहिले आहे.

छोटा प्रकाशक: मी स्वतः या धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. मराठी कथासंग्रहाच्या हजार प्रती नऊ वर्षे गोदामात सांभाळणाऱ्याने फार कमावले असेल, असे समजू नका. विक्रेत्याचे कमिशन, कागद आणि टपालखर्च वजा जाता हातात फारसे उरत नाही. तरीही ई-पुस्तक काढून वारसांना न कळवणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. पहिलेच पत्र वकिलाचे पाठवू नका. स्पीड पोस्टाने आजवरच्या विक्रीचा हिशेब मागा, कराराची प्रत जोडा आणि ई-पुस्तक विक्रीतून काढून घेण्यासाठी तीस दिवस द्या. बहुतेक जण तेवढ्यावर मागे हटतात. स्वतःच्या आवृत्तीसाठी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागला, तर तो भारतात विनामूल्य मिळतो आणि लेखकालाही अर्ज करता येतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

खिळेजुळारी: हक्क मिळाला, तरी मजकूर कुठून आणणार? १९९८ची फाइल मिळालीच तर ती जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्व उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणताना हमखास मोडेल. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते; ‘दुसऱ्या’चे ‘दुस-या’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. छापील पुस्तक स्कॅन करून ओसीआर केले, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे संगणकाकडून ओळखून घेतली, तरी मुद्रितशोधन टळत नाही. मी अशा एका दोनशे पानी पुस्तकावर अकरा दिवस बसलो होतो. आणखी एक गोष्ट: कथा तुमच्या वडिलांच्या असल्या तरी जुने मुखपृष्ठ वापरू नका, ते चित्रकाराचे किंवा प्रकाशकाचे असू शकते.

सावरी: सर्वांचे मनापासून आभार. करारावर ३ ऑक्टोबर १९९८ ही तारीख आहे. धाकटा भाऊ संमतीपत्रावर सही करायला तयार आहे. मोठ्या भावाशी रविवारी बोलणार आहे. वडिलांच्या हातची दुरुस्त्या केलेली एक प्रतही घरात सापडली असून तिच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या काही ओळी छापील आवृत्तीत नाहीत. आता टंकलेखन त्याच प्रतीवरून करून घेईन.