लेख 'दाखल' करायचा की 'पाठवायचा'? आणि 'संपादन' नेमकं कशाचं?

पानखूण:

नमस्कार मंडळी, शब्दांची मदत हवी आहे. आम्ही पुण्यातल्या ग्रंथालयांमधे काम करणारे काही जण मिळून ग्रंथालय आणि तंत्रज्ञान ह्या विषयावर मराठीत पत्रिका सुरू करतोय, छापील नाही, फक्त ऑनलाइन, आणि लेखकांसाठीच्या सूचना लिहून काढायचं काम माझ्याकडे आलंय. इंग्रजी जर्नलांच्या सूचना समोर आहेत, कोश हाताशी आहेत, शब्द मिळत नाहीत असं नाहीये. अडचण अशी की जो शब्द कोशात सापडतो तो ग्रंथालयवाल्यांनी कधीच दुसऱ्या कामाला लावलेला असतो.

पहिलंच वाक्य घ्या. "लेख दाखल केल्यावर आठवड्याभरात पोच मिळेल." मसुदा चार ओळखीच्या ग्रंथपालांना वाचायला दिला, तर मावळातल्या एका सार्वजनिक वाचनालयातल्या काकांचा फोन, की लेखाचा दाखल क्रमांक कुठे मिळेल. त्यांचं बरोबरच आहे! ग्रंथालयात 'दाखल' म्हणजे पुस्तक विकत घेतलं किंवा देणगीत आलं, दाखल नोंदवहीत चढलं, क्रमांक पडला, शिक्का बसला, आता ते आपलं. सगळं ठरून झाल्यानंतरची पायरी आहे ती. आणि इथे लेख नुसता येऊन पडलाय, तो घ्यायचा की नाही ह्यावर कुणी अजून बोललेलंही नाही.

बरं 'सबमिट करा' म्हणावं तर पुण्यात त्या शब्दाला वेगळाच वास आहे. इथे कॉलेजातल्या कुठल्याही पोराला "जर्नलचं सबमिशन" म्हणा, त्याच्या डोळ्यासमोर प्रॅक्टिकलची वही, सगळ्या प्रयोगांवर मास्तरांच्या सह्या आणि टर्म एंडची धावपळ उभी राहते. आमच्याकडे लिहिणारे निम्मे लोक ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी असणार आहेत, त्यामुळे मला हा घोळ नकोय.

दुसरा शब्द 'संपादन', तो तर फारच अडचणीचा. पण आधी ह्याचं सांगा.

नारायणपेठी:

"लेख पाठवा." एवढंच लिहा. 'सादर करणे' म्हटलं की अर्ज, अहवाल आणि साहेबांचं टेबल आठवतं, नाहीतर मग गणपतीतला कार्यक्रम. पाठवणे ह्या शब्दात स्वीकाराचं वचनही नाही आणि वाकून नमस्कार करणंही नाही. आलेल्या लेखाला 'आलेला लेख', घेतलेल्याला 'स्वीकृत लेख'. आणि नाकारलेल्यासाठी मराठीत इतका सुंदर शब्द आहे की तो सोडू नका, साभार परत.

पानखूण:

'पाठवा' पटलं, लगेच बदललं. 'साभार परत' मलाही आवडतो पण त्यात एक उणीव आहे. मासिकांच्या काळात कविता साभार परत आली की आली, का ते कळायचं नाही. शोधपत्रिकेत दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक म्हणजे संपादकाने वाचून परीक्षकांकडे न पाठवताच परत केला, विषयात बसत नाही वगैरे, आणि दुसरी म्हणजे परीक्षण होऊन, अभिप्राय येऊन मग नाकारला. लेखकाला ह्यातला फरक कळायलाच हवा, कारण पहिल्यात तो तसाच्या तसा दुसरीकडे पाठवता येतो, दुसऱ्यात अभिप्राय वाचून बरंच काम करावं लागतं. सध्या मी "परीक्षणाआधी साभार परत" आणि "परीक्षणानंतर साभार परत" असं सरळ लिहिलंय. लांब आहे पण स्पष्ट आहे.

शाईपेन:

ताई, संपादनाबद्दल मी लिहितो, मी बरीच वर्षं छापखान्यात प्रुफं बघायचं काम केलंय त्यामुळे ह्या शब्दाशी रोजचा संबंध.

मूळ अर्थ मिळवणे, घडवून आणणे. विश्वास संपादन करणे, ज्ञान संपादन करणे, आणि हल्ली ज्याच्यावरून मोर्चे निघतात ते भूसंपादन. म्हणजे मूळचा अर्थ अजून पूर्ण जिवंत आहे, मेलेला नाही. आणि तुमच्या ग्रंथालयात तर पुस्तकं मिळवणं हा एक अख्खा विभाग असतो, त्यामुळे एखाद्या लेखाचं नाव "ग्रंथालयातील ई-पुस्तकांचे संपादन" असं आलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? ई-पुस्तकं विकत घेण्याबद्दल आहे की त्यांचा मजकूर तपासण्याबद्दल? दोन्ही अर्थ चपखल बसतात, हीच पंचाईत.

त्यात पुण्यात संपादनाला तिसरा अर्थ आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, 1919 ला काम सुरू झालं आणि 1966 ला पुरं झालं, 19 खंड. तिथे संपादक म्हणजे काय करणारा माणूस? ढीगभर हस्तलिखितं समोर ठेवून कुठला पाठ जुना ते ठरवायचं, आणि नाकारलेले पाठभेदसुद्धा टाकून न देता खाली टिपांमधे नोंदवायचे. स्वतःच्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. आणि साप्ताहिकाचा संपादक? तो लेखाचा पहिला परिच्छेद उडवतो, मथळा बदलतो, चार वाक्यांचं एक करतो. शब्द तोच, शिस्त पार उलटी. तुमच्या पत्रिकेत ह्यातला कुठला संपादक बसणार आहे ते आधी ठरवा, मग शब्द आपोआप ठरेल.

पानखूण:

शाईपेनकाका, हे फार नेमकं सांगितलंत. पुस्तकं मिळवण्यासाठी ग्रंथालयशास्त्रात 'उपार्जन' शब्द चालतो, ग्रंथोपार्जन, तर आम्ही तो तिकडे पक्का करणार आणि 'संपादन' फक्त लेखावरच्या कामासाठी ठेवणार. आलेल्या लेखात कुणी उपार्जनाला संपादन म्हटलं असेल तर आम्ही बदलू आणि बदलल्याचं लेखकाला कळवू.

पण लेखावरच्या कामातही तीन थर आहेत आणि तिन्हीला आपण संपादनच म्हणतो. पहिला थर, लेखाचा सांगाडा बदलणं, हा भाग आधी घ्या, तो काढा, इथे आकृती द्या. दुसरा, वाक्यावरून हात फिरवणं. तिसरा, प्रुफं. पहिल्या दोघांना लेखकाची परवानगी लागते, तिसऱ्याला लागत नाही असं आपण धरून चालतो, पण आमच्या विषयात तिसराच सगळ्यात धोक्याचा आहे! कारण लेखात कोड असतो.

एक प्रसंग सांगते. एका लेखात पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पाच-सहा ओळी होत्या, जुन्या तालिकेतली, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीतली, ग्रंथनामं स्वच्छ करण्याबद्दलच्या. वर्डमधून फाइल आली आणि वर्डने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करून टाकलेली. मुद्रितशोधनाच्या नजरेने बघितलं तर वळणदार चिन्हंच बरोबर, छापील पुस्तकात तीच शोभतात. पण पायथॉनला ती कळत नाहीत, वाचकाने तो कोड उचलून चालवला की पहिल्याच ओळीला एरर. तसंच सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागांचं. कुणी नीटनेटकं करायच्या भरात ओळी डावीकडे सरळ लावल्या की पायथॉनमधे अर्थच बदलतो किंवा प्रोग्रॅम चालतच नाही. म्हणून सूचनांमधे लिहिलंय की कोडचं मुद्रितशोधन होणार नाही, कोड चालवून बघितला जाईल. आता ह्या कामाला एका शब्दात काय म्हणायचं?

नारायणपेठी:

"चालवून बघणे" हाच शब्द आहे. नवा नका करू.

औंधकर:

सहमत. मला परीक्षणाबद्दल बोलायचंय. 'पीअर रिव्ह्यू', म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांनी लेख तपासणं, ह्याचं मशीन भाषांतरात 'समवयस्क पुनरावलोकन' असं येतं आणि लोक ते उचलून सरळ वेबसाइटवर टाकतात. समवयस्क म्हणजे एकाच वयाचे! लेखक 26 वर्षांचा तर परीक्षकही 26 चा असं काही नसतं ना. 'समीक्षा' म्हणाल तर ती कादंबरीची होते, 'परीक्षण' म्हणाल तर पुस्तक परीक्षण आणि चित्रपट परीक्षण आठवतं, पण त्यातल्या त्यात 'तज्ज्ञ परीक्षण' बरं. कोण करतंय ते कळतं आणि निकाल लागणार आहे हेही कळतं.

आणि दोन्हीकडची नावं झाकलेली असतात त्या प्रकाराला कृपा करून 'दुहेरी अंध' म्हणू नका. परीक्षक आंधळा नसतो, नाव झाकलेलं असतं. 'दुहेरी अनामिक' म्हणा, किंवा "लेखक आणि परीक्षक दोघांची नावं एकमेकांना कळवली जात नाहीत" असं वाक्यच लिहा.

पण मला वाटतं ह्याच्याही आधी तुम्ही ठरवायला हवं की तुम्हाला तज्ज्ञ परीक्षण हवंय का. ह्या विषयातल्या पत्रिका दोन्ही वाटांनी गेल्यात. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड लायब्ररीज ही 1968 मधे जर्नल ऑफ लायब्ररी ऑटोमेशन ह्या नावाने निघाली, तिथे रीतसर तज्ज्ञ परीक्षण. उलट कोड फोर लिब जर्नल 2007 पासून निघतंय, तिथे आधी छोटा प्रस्ताव पाठवायचा, संपादक मंडळ चर्चा करून घ्यायचा की नाही ठरवतं, आणि घेतला तर त्या लेखाला एक संपादक नेमून देतात, तो लेखकाबरोबर बसून लेख घडवतो, एकमेकांची नावं माहीत असतात. प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला लिहितं करायचं असेल तर ही दुसरी वाट जास्त माणुसकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं भरपूर असतं, लिहायची सवय नसते. त्याला दोन अनोळखी लोकांचे कडक अभिप्राय पाठवले की तो परत लिहीत नाही.

पानखूण:

औंधकर, आमचाही कल तिकडेच आहे, पण प्राध्यापक मंडळींचा प्रश्न असतोच की ह्याला बढतीसाठीचे पॉइंट मिळतील का. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य शोधपत्रिकांची यादी, 2019 मधे आली, तिचं काम तर आपल्याच पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि तेव्हापासून "केअरमधे आहे का" हाच पहिला प्रश्न झाला. 2025 मधे यूजीसीने ती यादी बंद करत असल्याचं जाहीर केलं तरी प्रश्न तोंडात बसलाय तो बसलाय. म्हणून सूचनांमधे मी प्रामाणिकपणे लिहिणार आहे की इथे 'संपादक मंडळाकडून निवड आणि संपादन' होतं, 'तज्ज्ञ परीक्षण' होत नाही. मग आधी लिहिलेलं 'परीक्षणाआधी' आणि 'परीक्षणानंतर साभार परत' हेही त्याप्रमाणे बदलावं लागेल. जे करत नाही त्याचा शब्द वापरायचा नाही, ह्याबद्दल आमच्यात कुणाचंच दुमत नाही.

आणि कोड फोर लिबवाले आधी जो प्रस्ताव मागवतात त्याच्यासाठी मी 'गोषवारा' ठेवलाय. जमाखर्चाचा गोषवारा म्हणतात तो. आकडे कुठून आले, शेवटी काय उरलं हे एका दृष्टीत दिसायला हवं, आणि लेखाच्या गोषवाऱ्याकडूनही माझी तीच अपेक्षा आहे. 'सारांश' म्हटलं की लोक प्रस्तावनाच छोटी करून पाठवतात, शेवटी काय हाती लागलं ते सांगतच नाहीत.

औंधकर:

गोषवारा मस्त. 'आवृत्ती'चं काय केलंत? तिथे तर तीन गाड्या एकाच रुळावर.

पानखूण:

तेच लिहिणार होते! पुस्तकाची आवृत्ती, जी आम्ही मार्क ह्या ग्रंथनोंदीच्या संगणकीय साच्यात 250 ह्या फील्डमधे भरतो. सॉफ्टवेअरची आवृत्ती. आणि लेखकाने दुरुस्त करून पाठवलेली आवृत्ती. एका लेखात "जुन्या आवृत्तीत ही अडचण होती" असं वाक्य आलं आणि आम्ही तिघी ते तीन प्रकारे वाचत होतो. तर सॉफ्टवेअरला 'व्हर्जन' ठेवलं, सगळे तेच म्हणतात. पुस्तकाला 'आवृत्ती', तिचा तो हक्कच आहे, ती आधीपासून इथे आहे. लेखाला 'खर्डा', पहिला खर्डा, सुधारित खर्डा. छापून यायच्या आधीच्या कुठल्याही कागदाला आवृत्ती म्हणायचं नाही.

नारायणपेठी:

आणि फुकट वाचता येणार म्हणून 'मुक्तद्वार पत्रिका' वगैरे लिहिणार असाल तर थांबा. ग्रंथालयात मुक्तद्वार म्हणजे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणं.

पानखूण:

हो हो, तो शब्द कपाटांचाच राहू दे. "सर्वांना विनामूल्य वाचता येईल, आणि लेखकाचं नाव देऊन पुन्हा वापरता येईल" असं दोन तुकड्यांत लिहिलंय, कारण फुकट वाचणं आणि पुन्हा छापायची मुभा असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका शब्दात त्या एकत्र झाल्या की दुसरी कुणाच्या लक्षातच राहत नाही.

शाईपेन:

शेवटची शंका. लेख प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर? आमच्या वेळी शुद्धिपत्र चिकटवायचे पुस्तकाच्या शेवटी. पण अख्खा लेखच चुकीचा निघाला तर 'मागे घेतला' म्हणणार का?

पानखूण:

काका, लेखक प्रसिद्धीच्या आधी लेख परत मागतो तेव्हा 'मागे घेतला'. प्रसिद्धीनंतर पत्रिका जाहीर करते की ह्यावर विसंबू नका, ते 'रद्द ठरवणे'. 'काढून टाकला' लिहायचं नाही, कारण तो काढायचा नसतोच. लेख होता तिथेच, त्याच पत्त्यावर ठेवायचा, वर ठळक नोंद करायची की अमुक तारखेला अमुक कारणाने रद्द ठरवला, म्हणजे ज्यांनी आधी त्याचा संदर्भ दिलाय त्यांचे वाचक तिथे पोचले तर त्यांना कळेल. छोट्या चुकीला तुमचं शुद्धिपत्रच, फक्त ते शेवटी न चिकटवता लेखाच्या डोक्यावर तारखेसकट लावणार. मसुदा रविवारपर्यंत पूर्ण करून इथेच टाकते, त्यात 'नोंद' हा शब्द तालिकेतल्या नोंदीशी कुठे घोळ करतोय का ते तुम्ही नक्की बघा.