उपासनेत बँड वाजतो, पण मंडळी गाते का?

पेटीवाला (धागाकर्ता)

सगळ्यांना सलाम.

पुण्यातल्या एका जुन्या मराठी चर्चमध्ये मी पेटी वाजवतो. खरं तर वाजवायचो. आता पेटी निघते ती प्रभुभोजनाच्या रविवारी. बाकीचे रविवार ड्रम, दोन गिटार, कीबोर्ड, हातात माइक घेतलेले गायक आणि पडद्यावर हिंदी-इंग्रजी गाणी. आता कमिटीपुढे प्रस्ताव आलाय: सकाळी सातला भजनाची उपासना, साडेनऊला बँडची. कारण दिलंय 'तरुणांचं मनःस्वास्थ्य आणि ज्येष्ठांची सोय'. मला दोन्ही कारणं पटत नाहीत.

तक्रार वाद्यांची नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात कोणीतरी स्तोत्र 150 काढेल. झांजा, डफ, तंतुवाद्यं सगळी आहेत तिथे, मान्य. माझा प्रश्न मंडळीच्या आवाजाचा आहे. शेजारी उभा असलेला माणूस गातोय की नुसते ओठ हलवतोय हे मला कळत नसेल, तर मी उपासनेला आलोय की कार्यक्रमाला?

पेटीवाला पट्टी ठरवतो ती समोरची माणसं बघून. पावसाळ्यात निम्म्यांचे घसे बसलेले असतात, तेव्हा मी सरळ एक सूर खाली येतो. आजीबाईंना वरचा षड्ज झेपत नाही, पुरुषांना फार खालचं ऐकू येण्यासारखं गाता येत नाही, त्यातून मधली वाट काढावी लागते. बँडची पट्टी मात्र यूट्यूबवर मूळ गायकाची असते तीच. तो तरुण, तयारीचा गळा. कडव्यात कुजबुजतो आणि ध्रुवपदात एक सप्तक वर उडी मारतो. मंडळी पहिल्या उडीला गप्प होते, ती गप्पच राहते.

त्यात दर दोन-तीन महिन्यांनी गाणी बदलतात. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं आमच्या घरात पुस्तक न उघडता म्हटली जातात. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, ते गेले 1919 साली. मधल्या चोवीस वर्षांत त्या माणसाने जी भजनं, अभंग लिहिले ते आजही लग्नात आणि मयतीत आपण गातो. लग्नात आणि मयतीत दोन्हीकडे चालेल असं बँडचं एक गाणं दाखवा.

---

लीड गिटार

काका, सलाम. मी त्या बँडमधला नसेन कदाचित, पण अगदी तशाच एका बँडमधला आहे.

तुम्ही म्हणता मंडळी गात नाही. कुठली मंडळी? आमच्या तरुण संघात इंग्रजी माध्यमाची मुलं आहेत. देवनागरी वाचतात, पण अडखळत. 'उपासना संगीत' हातात दिलं की दुसऱ्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर तुमचं कडवं संपलेलं असतं. ती गात नव्हती तेव्हा कोणी धागा काढला नाही. मागच्या बाकावर मोबाइल बघत बसायची, नाहीतर यायचीच नाहीत. आता सरावाला शनिवारी संध्याकाळी येतात. त्यातला एक मुलगा दहावीत नापास होऊन घरात कोंडून बसला होता. त्याला बास गिटार शिकवली. बासच्या निमित्ताने तो घराबाहेर पडला. मनःस्वास्थ्य हा शब्द तुम्हाला कमिटीचा बहाणा वाटतो, आम्हाला तो मुलगा दिसतो.

आणि टिळकांचं म्हणाल तर त्यांनीही मिशनरींची इंग्रजी चालींवरची भाषांतरं बाजूला सारून आपल्या काळाला जे भिडेल तेच केलं ना? तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा माणूस त्याच्या पिढीतला बंडखोर होता. आज ते असते तर पेटीला चिकटून बसले असते याची खात्री मला तरी नाही.

---

पेटीवाला

@लीड गिटार, त्या मुलाबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण बास वाजवणारा एक बरा झाला, आणि समोर गप्प उभे असलेले? त्याला जो फायदा झाला तो *वाजवण्याचा*. तोच गाण्याचा फायदा बाकीच्यांना मिळू दे एवढंच मागतोय.

आणि टिळकांनी बदल केला तो लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या ओव्या-अभंगांच्या दिशेने. तुम्ही करताय तो परदेशी अल्बमच्या दिशेने. दोन्हीला बंडखोरी म्हणता येईल, पण दिशा उलट्या आहेत.

---

हलगी

ओठांवर आधीच असलेले? कोणाच्या ओठांवर?

नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्या बहुतेक महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बोलत कोणी नाही. त्या वस्त्यांचं संगीत हलगी, दिमडी, संबळ. चर्चमध्ये आलं काय? कीर्तनाचा थाट, पेटी-तबला, संस्कृताळलेली मराठी. भजनं सुंदर आहेत, मीही त्यांवरच वाढलो. पण 'आपली परंपरा' म्हणताना ती चर्चमध्ये कोणाकडून आली ते विसरू नका. आमच्या आजोबांनी हलगी सोडली, कारण गावात ती वाजवणं हे जातीने लादलेलं काम होतं. सोडण्यात त्यांचा स्वाभिमान होता. आज माझा पुतण्या ड्रम वाजवतो, त्याच्या हातात काठी आहे आणि त्याला कोणी जात विचारत नाही. मला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही.

बाकी पट्टीचं म्हणणं बरोबर आहे. ते मात्र बँडवाल्यांनी ऐकावं.

---

नाइट ड्युटी

मी नर्स आहे. शनिवारची रात्रपाळी करून रविवारी थेट चर्चला येते, युनिफॉर्मवर शाल घेऊन. मला काय हवं असतं विचाराल तर थोडी शांतता आणि ओळखीचं एक गीत. 'हात वर करा', 'मोठ्याने म्हणा', 'आज कोणी उदास राहायचं नाही' हे समोरून सांगितलं की मला रडू येतं, आणि ते आनंदाचं नसतं.

स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं किती आहेत बघा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. ज्याने ते पवित्र शास्त्रात ठेवलं त्याला माणसाचं मन जास्त कळत होतं. बँडच्या यादीत तशी किती गाणी आहेत? सगळीकडे विजय, साखळ्या तुटल्या, भिंती पडल्या. ज्याची भिंत अजून पडलेली नाही त्याने काय म्हणायचं?

वॉर्डातलं एक सांगते. पक्षाघातानंतर बोलता न येणारे काही रुग्ण गाणं म्हणू शकतात. सगळे नाही, पण काही. 1970च्या दशकात बॉस्टनमध्ये याच्यावरूनच सुरांतून बोलणं परत शिकवायची एक उपचारपद्धत निघाली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचंही तेच, मुलाचं नाव आठवत नाही पण तरुणपणीचं गीत कडव्यासकट येतं. मी विचार करते, आजची मुलं सत्तरीत पोचतील तेव्हा त्यांना एकत्र कुठलं गाणं आठवेल? दर तिमाहीला यादी बदलली तर कुठलंच नाही.

---

लीड गिटार

ताई, तुमचा विलापाचा मुद्दा मी सरावाला मांडणार आहे, खरंच. पण सत्तरीत आम्हाला आम्ही सतराव्या वर्षी गायलेलीच गाणी आठवतील. तुमची पिढी भजनं आठवते ती भजनं थोर म्हणून नाही, तेव्हा ती गायलीत म्हणून.

---

वसईकर

आमच्या कॅथलिकांकडचा किस्सा. 1903 साली पोप दहावे पायस यांनी फतवा काढला: चर्चमध्ये पियानो नको, ढोल नको, झांजा नकोत. साठ वर्षांनी व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांना दार उघडलं आणि मिशनच्या प्रदेशांत तिथल्या लोकांच्या संगीताला जागा द्या म्हणून सांगितलं. वसईत मिस्सा, म्हणजे आमची उपासना, लॅटिनमधून मराठीत आली तेव्हा जुन्या लोकांना फार जड गेलं. माझी आजी म्हणायची, देवाला मराठी कळते हे मला माहीत आहे, पण मिस्सात ती ऐकवत नाही. आज तिचीच नातवंडं मराठी गायन 'आपलं जुनं' म्हणून जपायला निघालीत आणि इंग्रजी मिस्साला नाक मुरडतात.

तेव्हा पेटीवाले काका, वाद जिंकून उपयोग नाही. तीस वर्षांनी तो ड्रमवाला तुमच्या जागी बसून असाच धागा काढणार आहे.

---

अश्रद्ध पण गाणारा

मी चर्चला जात नाही, पण एका समूहगानाच्या गटात गातो, म्हणून डोकावलो.

गटात गाण्याचा फायदा खरा आहे, त्याला देव लागत नाही. 2013 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके सोबत कमी-जास्त होतात, कारण ओळ संपते तिथे सगळे एकदम श्वास घेतात. गाणं म्हणजे ठरवून घेतलेला दीर्घ श्वास. यात पेटीवाल्यांची बाजू मजबूत होते, कारण ऐकणाऱ्याच्या श्वासावर तसं बंधन नसतं.

चर्चला जाण्याचा आरोग्याशी संबंध लोक सांगतात तो मात्र जपून वापरा. अमेरिकेत सुमारे 75 हजार नर्सेसवर झालेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला: आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये सोळा वर्षांत मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्के कमी. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, आणि त्यात भजन की बँड हे कोणी विचारलेलं नाही. ओळखीची माणसं, कमी सिगारेट, कमी नैराश्य, असं बरंच काही त्यात मिसळलेलं आहे.

---

शेवटचा बाक

वरचं सगळं ठीक. मला एकच भीती वाटते. आमच्या चर्चमध्ये एका ताईंना नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. स्तुतिगीतांच्या रात्रीनंतर कोणीतरी सांगितलं, आता विश्वासाने सोडा. सोडल्या. पुढचे तीन महिने त्या घराने जे भोगलं ते इथे लिहीत नाही. दाविदाच्या वीणेने शौलाला आराम पडायचा हे १ शमुवेलात आहे, पण पुढे वाचलं तर शौल काही बरा झालेला नाही. वीणा वाजत असतानाच त्याने भाला फेकला.

भजन असो की बँड, समोरून एवढं सांगा: डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवा. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात. पडद्यावर गाण्याच्या ओळी टाकता तिथे हा आकडाही टाका.

---

मिक्सर

मी चर्चमध्ये साउंड बघतो. कोणी विचारत नाही, पण निम्मं भांडण माझ्या टेबलावरचं आहे.

जुनी दगडी चर्चं गाण्यासाठी बांधलीत, ड्रमसाठी नाही. उंच छत, उघडा दगड, आवाज दोन-तीन सेकंद घुमत राहतो. समूहाच्या संथ गाण्याला ते घुमणं आधार देतं. ड्रमचा एक ठोका विरायच्या आत पुढचे चार पडतात, मग शब्द चिखलात जातात. शब्द ऐकू येत नाहीत म्हणून गायकाचा माइक वाढवायचा, तो वाढला की गिटारवाला स्वतःचा आवाज वाढवतो, आणि साडेदहापर्यंत आम्ही शंभर डेसिबलच्या आसपास पोचलेलो असतो. हिशेब सरळ आहे: 85 डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं. आमची स्तुतीची वेळ चाळीस मिनिटांची असते. पुढच्या बाकावर संडे स्कूलची मुलं बसतात.

उपाय महाग नाहीत. ड्रमभोवती पारदर्शक पडदा किंवा सरळ काहोन, म्हणजे हाताने वाजवायचा लाकडी खोका. स्टेजवरचे मॉनिटर स्पीकर काढून कानातले. भिंतींना जाड पडदे नकोत, त्याने मंडळीचा आवाजही मरतो. आणि शेवटच्या कडव्याला मी सगळे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, खाली ओढतो. पहिल्यांदा केलं तेव्हा बँडवाले माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. मंडळी मात्र गायला लागली.

---

पेटीवाला

@मिक्सर, हेच! हे आधी कोणी केलं असतं तर मी धागा काढला नसता. @हलगी, तुमचं म्हणणं टोचलं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. हलगी उपासनेत यावी का, यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

पण दोन उपासनांना माझा विरोध कायम. सातला पांढरे केस, साडेनऊला काळे. आजीला नातू दिसणार नाही आणि नाताळच्या दिवशी कोणाला कोणाचं गीत येणार नाही. ज्येष्ठांची सोय म्हणता, पण हिवाळ्यात सातला यायला रिक्षासुद्धा मिळत नाही. घरात दिवसभर एकट्या असणाऱ्या बायकांची चार माणसांत बसायची हीच एक सकाळ असते, ती तुम्ही अर्ध्या रिकाम्या देवळात घालवायला लावताय.

---

लीड गिटार

दोन उपासना आम्हालाही नकोत. ती कमिटीतल्या मोठ्यांची कल्पना, आमच्या नावावर खपवली. आम्हाला कोणी विचारलेलंच नाही.

पट्टी दोन सूर खाली आणू, ते सोपं आहे. वर्षाला ठरावीक वीसच गाणी ठेवायची का, यावर आमच्यात भांडण होईल, पण मांडतो. भजन शिकायचं तर रोमन लिपीत ओळी टाकू द्या, त्यावरून मागे महिला मंडळाने गोंधळ घातला होता. आणि शनिवारी सरावाला पेटी घेऊन या. पट्टी कशी ठरवता ते दाखवा. येताना काळी दोन पट्टीच्या वर जाऊ नका, आमच्या मुख्य गायकाला भजनाच्या ताना झेपत नाहीत, तो इगो सांभाळावा लागतो.

---

हलगी

शनिवारी किती वाजता? पुतण्याला पाठवतो, दिमडी घेऊन.