शिडाच्या लहान जहाजावरून आर्क्टिक सफर: कोणी गेलंय का? सल्ला हवा

सुरंगी

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी मी आणि माझे यजमान आर्क्टिकला जायचं म्हणतोय, आणि तेही शिडाच्या लहान जहाजातून. आम्ही दादरला राहतो. मी ५९, ते ६४. माझी बँकेतली नोकरी येत्या मार्चमध्ये संपतेय आणि फंडातले काही पैसे मी फक्त या सफरीसाठी बाजूला ठेवलेत.

यामागचं कारण सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं आजोळी विजयदुर्गला जायचो. वडील भूगोलाचे शिक्षक. रात्री डेकवर घोंगडी अंथरून ते लोकमान्यांचा सिद्धांत सांगायचे. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, वेदांतल्या उषेच्या ऋचा तिथल्या दिवसेंदिवस चालणाऱ्या पहाटेच्या आहेत, असं लोकमान्यांनी १९०३ साली मांडलं होतं. इतिहास म्हणून तो सिद्धांत आज कोणी धरत नाही, हे वडीलही सांगायचे. पण ती न संपणारी पहाट माझ्या मनातून गेली नाही. वडील जाऊन आता अकरा वर्षं झाली.

माझे प्रश्न असे: मोठं क्रूझ जहाज घ्यावं की शिडाचं? जून बरा की ऑगस्ट? मला बोट लागते, त्याचं काय करावं? व्हिसा कोणता? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत.

गिरगावकर

सुरंगीताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शिडाची जहाजं प्रत्यक्ष ध्रुवावर जात नाहीत. तुम्ही बहुधा स्वालबार्डबद्दल विचारताय. हा नॉर्वेचा द्वीपसमूह. मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला. तिथून ध्रुव आणखी सुमारे १,३०० किलोमीटर. वाटेत बर्फानं अडवलं नाही तर लहान जहाजं ८० अंशांपर्यंत पोचतात.

साहेबांचे गुडघे कसे आहेत? हे विचारल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

पडाव

मी गेल्या जूनमध्ये जाऊन आलो. दोन डोलकाठ्यांचं, वीस प्रवाशांचं जहाज होतं. गिरगावकरांनी गुडघ्याचं विचारलं ते अगदी योग्य, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लहान शिडाच्या जहाजात रोज दोनदा रबरी होडीत उतरायचं असतं. जहाजाच्या कडेला शिडी लावतात, खाली होडी लाटेबरोबर वरखाली होत असते, आणि खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्ही त्याचं. किनाऱ्याला होडी लागली की कडेवर बसून पाय फिरवायचे आणि घोटाभर, कधी पोटरीभर पाण्यात उतरायचं. पुढे दगडगोट्यांवरून आणि मऊ शेवाळावरून तास-दोन तास चालणं. याच्या जोडीला केबिनमध्ये एकावर एक दोन बर्थ, डेकवरून खाली जाणारा उभा जिना, आणि काही जहाजांत अंघोळीची जागा सगळ्यांची मिळून. पैशांचा हिशेब पुढचा, आधी गुडघा आणि पोट. आमच्यासोबत सत्तरीचं एक डच जोडपं होतं, ते सगळीकडे उतरले. पन्नाशीचे एक गृहस्थ मात्र दोनदाच उतरले, कारण त्यांना जिन्याचीच धास्ती बसली. त्यांना कोणी आधी सांगितलंच नव्हतं, हे मला फार वाईट वाटलं. म्हणून एवढं लिहितोय.

आता शिडांबद्दल. फक्त शिडांवर प्रवास होईल या आशेनं जाऊ नका. फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, वारं पडलेलं असतं किंवा नेमकं समोरून येतं, आणि वेळापत्रक सांभाळायला बराच वेळ इंजिनच चालतं. पण ज्या दिवशी वारा आडवा मिळाला त्या दिवशी कप्तानानं सगळ्यांना दोरावर बोलावलं. वीस माणसं एका तालात शीड ओढताहेत, आणि मग इंजिन बंद झालं. त्या क्षणी जे ऐकू येतं, लाकडाची करकर, पाण्याची सळसळ, लांबून हिमनदीचा कडा कोसळल्याचा गडगडाट, त्यासाठीच मी गेलो होतो. तीन तास कोणी मोठ्यानं बोललं नाही.

मोठ्या जहाजात जिना सोपा, लिफ्ट असते, डॉक्टर असतो. पण १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम आलेत. संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजांना मनाई आहे आणि तिथे फक्त ४३ ठरलेल्या जागीच उतरता येतं. त्यामुळे खरी निवड शंभर-दीडशे प्रवाशांचं इंजिनाचं जहाज की वीस-तीस जणांचं शिडाचं, एवढीच उरते. शंभर जणांत उतरायच्या पाळ्या लागतात. वीसांत सगळे एकदम जातात आणि गाईडला तुमचा प्रश्न कालपासून आठवत असतो.

अस्वलाचं म्हणाल तर अपेक्षा माफक ठेवा. १ मार्च ते ३० जून पाचशे मीटर आणि इतर वेळी तीनशे मीटर अंतर राखणं कायद्यानं सक्तीचं आहे. मला दिसलं ते दुर्बिणीतून, बर्फावरचा किंचित पिवळसर ठिपका, आणि तो ठिपका चालू लागला. गाईडांच्या खांद्याला रायफल असते, पण अस्वल दिसलं की उतरणंच रद्द होतं. वॉलरस मात्र जवळून दिसतात, वास आधी येतो. रेनडिअर आणि कोल्हा गावाबाहेरही भेटले.

शाकाहाराची अडचण आली नाही. स्वैपाकी एकच असतो आणि तो गावातून सामान भरून निघतो, त्यामुळे आरक्षण करतानाच लेखी कळवा. 'मासे चालतील ना?' असं हमखास विचारतात, तेही स्पष्ट लिहा. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. चौथ्या दिवशी सगळं टेबल भाताबरोबर मेतकूट खात होतं.

चाफेकळी

सुरंगीताई, बोट लागण्याबद्दल. पश्चिम किनाऱ्यावर जहाज फ्योर्डमध्ये असतं तेव्हा पाणी बहुधा शांत. हलतं ते एका फ्योर्डमधून दुसऱ्यात जाताना, उघड्या समुद्रात. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्यापूर्वी घ्यावी लागते. ॲव्होमीननं मला झोप येते, बहिणीला दुसरी गोळी चालते, म्हणून डॉक्टरांना विचारून आधीच एकदा घेऊन बघा. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर हे विचारणं फारच गरजेचं. बाकी रिकाम्या पोटी राहू नका, आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा, डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघा आणि केबिन जहाजाच्या मध्यावरची मागा.

आणि परीक्षा घरच्या घरीच होते. वारा असेल अशा दिवशी गेटवेहून मांडव्याची साधी लाँच पकडा आणि यजमानांनाही न्या.

टिटवी

व्हिसात लोक हमखास चुकतात म्हणून सविस्तर लिहिते. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. १९२० साली पॅरिसला झालेल्या कराराप्रमाणे तिथे जायला वेगळा व्हिसा लागत नाही, आणि त्या करारावर तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वतीनंही सही आहे. पण मुंबईहून तुम्ही ओस्लोमार्गेच जाणार. ओस्लोला शेंगेनमध्ये शिरलात, लाँगइयरब्येनला निघताना बाहेर पडलात, परतताना पुन्हा शिरलात. म्हणजे प्रवेश दोन! अर्जात डबल किंवा मल्टिपल एन्ट्री मागा आणि हातात पडलेल्या व्हिसावर तसंच छापलंय का ते तिथल्या तिथे बघा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला सिंगल मिळाला होता आणि निघायच्या आठ दिवस आधी लक्षात आलं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट भराभर जातात, त्यामुळे थांबू नका. शेंगेनला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. या सफरीला तेवढा पुरेसा समजू नका. लाँगइयरब्येनचं इस्पितळ लहान आहे, गंभीर रुग्णाला विमानानं नॉर्वेच्या मुख्य भूमीवर ट्रॉम्सोला नेतात, आणि लहान जहाजावर डॉक्टर बहुधा नसतो. हेलिकॉप्टरनं हलवण्याचा खर्च पॉलिसीत शब्दांत लिहिलेला हवा. साठीच्या पुढच्यांसाठी अटी वेगळ्या असतात, त्या बारकाईनं वाचा.

पैसे एजंटमार्फत भरलेत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, कापला जाईल. तो तुमच्या वार्षिक करविवरणात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. तुम्ही बँकेतल्याच, तुम्हाला हे मी काय सांगणार.

सुरंगी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! यजमानांचा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. डॉक्टर म्हणतात व्यायाम केलात तर जा. पडाव, तुम्ही जूनला गेलात, पण ती लांब पहाट जूनमध्ये दिसते का?

पडाव

नाही, ताई. जूनमध्ये पहाटच नसते. लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २२-२३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. रात्री दोनला डेकवर ऊन होतं आणि मी डोळ्यांवर पट्टी बांधून झोपायचो. लोकमान्यांनी जिच्याबद्दल लिहिलं ती पहाट ध्रुवाजवळची, महिनोन्‌महिन्यांच्या रात्रीनंतरची. त्या दिवसांत ही जहाजं फिरत नाहीत.

पण तुमच्या मनात ती असेल तर माझा सल्ला बदलतो. ऑगस्टचा शेवटचा आठवडा बघा. सूर्य तेव्हा नुकताच मावळायला लागलेला असतो, क्षितिजाखाली तिरका जातो आणि थोड्याच वेळात तसाच तिरका वर येतो. मधल्या वेळात अंधार होत नाही. संध्याकाळ आणि पहाट यांच्यात सांधाच नसतो.

त्यासाठी काय सोडावं लागेल तेही सांगतो. कड्यांवरचे गिलमॉट पक्षी तोवर समुद्रावर गेलेले असतात, फ्योर्डमधलं गोठलेलं पाणी सुटलेलं असतं, डोंगर जूनइतके पांढरे दिसत नाहीत. समुद्रही जरा जास्त उचलतो. उलट बर्फ मागे हटल्यामुळे उत्तरेकडच्या वाटा मोकळ्या असण्याची शक्यता वाढते.

गिरगावकर

ऑगस्टअखेर म्हणजे गणपतीचं बघा. तुमच्याकडे बसतो का?

सुरंगी

दीड दिवसाचा असतो. गणपतीआधी घरी परत यायलाच हवं, त्यात बदल नाही.

टिटवी

सप्टेंबरच चालत असता तर पूर्व ग्रीनलंडचा स्कोर्सबी साउंडही सुचवला असता. तिथेही शिडाची जहाजं जातात, हिमनग अवाढव्य आणि रात्री ध्रुवीय प्रकाश. फक्त तिथला व्हिसा वेगळा: नेहमीचा शेंगेन ग्रीनलंडला चालत नाही, डेन्मार्ककडून ग्रीनलंडसाठी वैध असा शिक्का लागतो. तुमच्या गुडघ्याच्या हिशेबानं मात्र स्वालबार्डच बरं. गाव, विमानतळ आणि इस्पितळ त्यातल्या त्यात जवळ.

पडाव

जहाजांची नावंही सांगून ठेवतो. नूर्डरलिख्त हे १९१० साली जर्मनीत फ्लेन्सबुर्गला बांधलेलं, दोन डोलकाठ्यांचं, वीस प्रवाशांचं. स्नानगृहं सामाईक. अँटिग्वा तीन डोलकाठ्यांचं, बत्तीस प्रवाशांचं, प्रत्येक केबिनला स्वतःचं स्नानगृह. रात्री उठावं लागत असेल तर दुसऱ्या प्रकारचं शोधा, हे मी मुद्दाम सांगतो. कोणतंही जहाज असो, खालच्या दोन बर्थची केबिन आहे का आणि जिन्याला किती पायऱ्या आहेत हे पत्रानं विचारा. मोकळेपणी उत्तर देणाऱ्यांनाच पैसे द्या.

कपड्यांत सुती काहीही अंगालगत नको. लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि तशीच पँट, ती बुटांच्या बाहेरून घालायची. आपले पावसाळी गमबूट नेऊ नका, त्यांचा तळवा पातळ असतो आणि पाय गारठून जातात. जाड तळव्याचे, गुडघ्यापर्यंतचे बूट काही जहाजं स्वतः देतात. आईनं विणलेली कानटोपी मात्र न्या. माझ्याकडच्या महागड्या टोपीपेक्षा तीच उपयोगी पडली. आणि लाँगइयरब्येनला हॉटेलात, संग्रहालयात बूट दाराशी काढायचे असतात, कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची रीत. आपल्याला अगदी घरच्यासारखं वाटतं.

न्यू-ओलसुंद या स्वालबार्डच्याच छोट्या गावाला जहाज थांबणार का तेही विचारून घ्या. आपलं हिमाद्री हे संशोधन केंद्र तिथे १ जुलै २००८ पासून आहे. आत जाता येत नाही, गावातून आखलेल्या रस्त्यानंच चालायचं, आणि वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथल्या दुर्बिणी रेडिओलहरी ऐकतात. १९२६ साली ध्रुवसंशोधक अमुंडसेनांचं फुग्यासारखं हवाई जहाज ज्या मनोऱ्याला बांधलं होतं तो मनोरा अजून उभा आहे. त्या एवढ्याशा गावात 'भारत' ही अक्षरं वाचताना माझा गळा दाटून आला.

सुरंगी

धागा वर आणतेय. रविवारी मांडव्याला जाऊन आलो. वारा चांगलाच होता. जाताना मी गोळी घेतली नव्हती, उलटी झाली. येताना आधी घेतली, आणि गेटवेपर्यंत डेकवर उभी राहून आले. यजमान धक्क्यावरच्या ओल्या पायऱ्या तीन वेळा चढले-उतरले. रोज सकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या आणि फिजिओनं दिलेले व्यायाम सुरू आहेत.

दोन जहाजांना पत्रं पाठवली होती. एकाकडून फक्त माहितीपत्रक आलं. दुसऱ्यांनी जिन्याचा फोटो पाठवला, पायऱ्या मोजून लिहिल्या आणि कठडा दोन्ही बाजूंना असल्याचं कळवलं. त्यांच्याकडे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली एक केबिन ठेवायला सांगितली आहे. गणपतीच्या आधी परत. वडिलांची जुनी दुर्बीण दुरुस्तीला दिली आहे.

आता एवढंच सांगा: लोकरीचे आतले कपडे मुंबईत हात लावून बघून घेता येतील असं दुकान कुठे आहे का?

चाफेकळी

दादरलाच ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानांत विचारा. हिमालयात जाणारे तिथूनच घेतात. यजमानांना सोबत नेऊन मापाला घालून बघा, घट्ट नको.

पडाव

ताई, हिमाद्रीच्या पाटीचा स्वच्छ फोटो मिळाला तर इथे टाका. आमच्या वेळी धुकं होतं.