रेडिओहेडचा आवाज नेमका कुठं फिरला? आणि 25 मिनिटांत तो दाखवायचा कसा?

परभणी_बेस

कॉलेजच्या गॅदरिंगला 25 मिनिटं मिळायलीत. नुसती गाणी वाजवून उतरायचं नाही असं ठरलंय. 1993 ते 2016 मध्ये रेडिओहेड या इंग्लंडच्या रॉक बँडचा आवाज कसा बदलत गेला, ते समोर बसलेल्याला कानानं कळलं पाहिजे. माणसं पाच: दोन गिटार, बेस, ड्रमसेट, आणि गाणारा अधूनमधून 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर. एक मल्टिइफेक्ट (गिटारचे बरेच इफेक्ट एकाच डब्यात), एक सुटं डिस्टॉर्शन पेडल (आवाज फाडणारं). पुढं साऊंडवाल्याचे चार स्पीकर, दोन टॉप आणि दोन बेस, सगळं मोनो म्हणजे डावं-उजवं एकच.

भांडण असं, की एक गट म्हणतो 2000 च्या 'किड ए' अल्बमनंतर हा बँड राहिलाच नाही, मशीन राहिली. दुसरा गट 'क्रीप' या सुरुवातीच्या गाजलेल्या गाण्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करायलाय. वळण कुठलं धरावं, आणि एवढ्याशा सामानात कोणते आवाज निघतील? 'यूट्यूबवर बघा' सोडून काहीही सांगा.

उस्मानपुरा_रिव्हर्ब

वळण 2000 चं नाहीच, 1997 चं आहे. 'ओके कॉम्प्युटर' अल्बमचं पहिलंच गाणं, 'एअरबॅग', घ्या. त्यातला ड्रम सरळ वाजवून घेतलेला नाही. ड्रमर फिल सेल्वेच्या वाजवण्यातला काही सेकंदांचा तुकडा उचलला, कॉम्प्युटरवर कापला आणि फिरवत ठेवला. रेकॉर्डचे तुकडे जोडून संगीत करणाऱ्या डीजे शॅडोच्या कामाचा तो परिणाम. कॉलिन ग्रीनवुडचा बेससुद्धा मधेच येतो, मधेच गप्प बसतो. विचार तेव्हाच मशीनचा होता. वर गिटारांचा मुलामा होता म्हणून कुणी ओरडलं नाही, एवढंच.

स्टेजवर दाखवायला मात्र त्याच अल्बममधल्या 'कर्मा पोलीस'चा शेवट सोपा. तिथं बँडच्या एड ओब्रायननं गिटार डिलेमध्ये (पडसाद देणाऱ्या इफेक्टमध्ये) सोडली, डिलेला स्वतःच्याच आवाजावर घुमू दिलं आणि मग वेळेचा नॉब फिरवून सूर खाली ओढला. तुमच्या मल्टिइफेक्टवर असं करा: डिलेचा प्रकार 'टेप' किंवा 'अ‍ॅनालॉग', वेळ 400 मिलिसेकंद, मिक्स निम्म्यावर, फीडबॅक (पडसाद किती परत फिरतो ते) 60 टक्के. शेवटच्या आवर्तनात फीडबॅक चढवत न्या, प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा मोठा व्हायला लागेपर्यंत. मग गिटारचा व्हॉल्यूम बंद करून वेळ 400 वरून 900 कडे हळूहळू. टेपचा वेग कमी केल्यासारखा सूर खाली घसरतो.

बिघडतं दोन ठिकाणी. 'डिजिटल' प्रकार लावला असेल तर सूर घसरत नाही, नुसता टकटक आवाज येतो किंवा डिले उडी मारतो. दुसरं, फीडबॅक एकदा सुटला की मिक्सरचा लाल दिवा पेटतो आणि साऊंडवाला घाबरून चॅनेलच बंद करतो. डिलेच्या पुढं साखळीत शेवटी व्हॉल्यूमचा ब्लॉक ठेवा आणि त्यावर पाय ठेवा. नॉबला हात लावायला वाकावं लागत असेल तर डिलेची वेळ एक्स्प्रेशन पेडलवर (नॉबचं काम पायानं करणारं पेडल) टाकून घ्या.

'क्रीप' ठेवाच. कंटाळा येऊ द्या, पण बदल दाखवायचा तर सुरुवातीचं टोक लागतं. कॉर्ड चारच: जी, बी, सी, सी मायनर. सगळी गंमत कोरसच्या आधी बँडच्या दुसऱ्या गिटारवाल्यानं, जॉनी ग्रीनवुडनं, मारलेल्या त्या मुक्या फटक्यांची आहे. डाव्या हाताची बोटं सहाही तारांवर नुसती टेकवा, दाबू नका. ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग), उजव्या हातानं खाली जोरात. त्याच्याकडं फेंडर टेलिकास्टर प्लस आणि मार्शलचं श्रेडमास्टर होतं, पण कुठलंही जास्त गेनचं, म्हणजे आवाज जास्त फाडणारं, पेडल चालतं. फक्त ते फटक्याच्या आधी अर्धा क्षण चालू करा. कडव्यात चालूच राहिलं तर साफ आर्पेजिओवर (कॉर्डचे सूर एकेक सुटे वाजवणं) सूं-सूं येत राहते, आणि मग फटका बसला तरी दचका बसत नाही.

कळंब_मात्रा

रिव्हर्बदादांचं गिटारपुरतं बरोबर आहे. पण आवाज फिरला तो खरा लयीत फिरला, आणि त्याकडं कुणाचं लक्षच नसतं.

'किड ए'चं पहिलं गाणं 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' दहा मात्रांचं आहे. ड्रमरला पहिल्यांदा सांगा की चार-चार मोजायचं नाही. चार आणि चार मोजले की दोन उरतात, आणि ड्रमर हटकून तिथं सम घेतो. कीबोर्डवाला मागं राहतो. किकचे, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचे, दहा ठोके सारखे, एकावरही जास्त जोर नको. सम कीबोर्डच्या फिरण्यावरून ओळखायची. आपल्याकडं भजनीमंडळात वाजवलेल्या पोरांना दहा म्हटलं की लगेच झपताल सुचतो. तो इथं बसवू नका. 2-3-2-3 चे खंड पाडले की गाण्याला ठुमका येतो. त्याला ठुमका नको, नुसतं चालत राहणं पाहिजे.

2007 च्या 'इन रेनबोज'मधलं 'फिफ्टीन स्टेप' पाच मात्रांचं. सुरुवात मशीनची, आणि थोड्या वेळानं अगदी स्वच्छ, जवळजवळ जॅझसारखी गिटार येते. किड एमध्ये माणसानं मशीनला जागा दिली. इथं माणूस परत आला, पण मशीनची मोजणी शिकून आला. त्यासाठी ही दोन गाणी एकामागं एक वाजवा, मधी बोलू नका. लूप (मशीनवर फिरत राहणारा तुकडा) नसेल तर रिमवर, म्हणजे ड्रमच्या कडेवर, काठी आणि दोघांच्या टाळ्या एवढ्यावर भागतं. टाळीवाल्यानं तोंडानं 'एक-दोन-तीन-चार-पाच' म्हणत राहायचं, लाजायचं नाही. पाचवी मात्रा खाल्ली जाते ती टाळीतच.

बेंड्सवाला_लातूर

वेगळं बोलतो, राग नसावा.

मशीन आली म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार ही, की 1995 च्या 'द बेंड्स' अल्बममध्ये तीन गिटारांना तीन कामं होती. गाणारा थॉम यॉर्क कॉर्ड धरायचा, जॉनी ओरखडे काढायचा, आणि एड मागं धुकं पसरायचा. तिघांपैकी एक काढला तर गाणं लंगडं व्हायचं. किड एमध्ये कितीतरी ठिकाणी गिटार काढून टाकली तरी फरक पडत नाही. याला प्रगती म्हणा, पण मग 'बँड' या शब्दाचा अर्थ बदललाय हेही मान्य करा.

2011 चा 'द किंग ऑफ लिंब्ज' तर आठ गाणी, 37 मिनिटं, आणि बहुतेक सगळं स्वतःच्याच वाजवण्याचे तुकडे फिरवून रचलेलं. रेकॉर्डवर कोरडं लागतं. तीच गाणी स्टेजवर आली तेव्हा सेल्वेच्या जोडीला क्लाइव्ह डीमर हा दुसरा ड्रमर बसवला, आणि गाणी उठली. म्हणजे लूपला शेवटी माणूसच लागला ना?

उस्मानपुरा_रिव्हर्ब

लागला, पण लूप आधी झाला म्हणून लागला. दोन ड्रमर ठेवायची गरज 'द बेंड्स'च्या गाण्यांना कधी पडली नसती. तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जायलंय, लातूरकर.

बेंड्सवाला_लातूर

जाऊ द्या. आतापर्यंत सुचवलेल्यात बेंड्समधलं एकही गाणं नाही हे लक्षात ठेवीन.

परभणी_बेस

एक अडचण आधीच सांगतो. किड ए मला पोकळ वाटायलाय. त्यातलं 'द नॅशनल अँथम' सगळे डोक्यावर घेतात, मला त्यात नुसता गोंगाट ऐकू येतो. चूक माझी का रेकॉर्डची?

गोदाकाठ_की

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकताय का? मग चूक स्पीकरची. त्या गाण्याचा सगळा सांगाडा फझ (खरखरीत फाटका आवाज) लावलेल्या एका बेसच्या फेऱ्यावर उभा आहे. ती फेरी डी सुराभोवती फिरते. बेसवरचा तो डी साधारण 73 हर्ट्झचा. मोबाइलचा स्पीकर दीड-दोनशे हर्ट्झच्या खाली काही देतच नाही. फझमुळं बेसचे वरचे खरखरीत स्वर तेवढे पोचतात, त्यावर ब्रासवाल्यांचा कल्ला चढतो, आणि मूळ सूरच नसल्यानं तो कल्ला टांगल्यासारखा राहतो. साधे तारेचे इअरफोन लावा, बास बूस्ट आणि 'सराऊंड' दोन्ही बंद करा, आणि पहिली दीड मिनिटं फक्त बेसच ऐका. तुम्ही बेसवालेच आहात, तुम्हाला तर ते गाणं आवडलंच पाहिजे. रेकॉर्डवर तो बेस कॉलिननं नाही, थॉमनं वाजवलाय.

आता कीबोर्डचं. 'एव्हरीथिंग'मध्ये रेकॉर्डवर प्रॉफेट-5 हा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आहे. 61 पट्ट्यांच्या घरगुती कीबोर्डवर 'इलेक्ट्रिक पियानो' आवाज घेऊ नका, त्याची टण्-टण् चुकीची. 'सिंथ पॅड' किंवा 'वॉर्म ब्रास' घ्या, ब्राइटनेस म्हणजे कटऑफ निम्म्याच्या खाली, रिव्हर्ब कमी, कोरस थोडा. डावा हात सी सोडत नाही; उजवा सी, डी-फ्लॅट, ई-फ्लॅट असा चढतो. मेट्रोनोम 120 च्या आसपास ठेवा.

जॉनी वाजवतो त्या ओन्द मार्तनोचा रडवेला आवाज पाहिजे असेल तर आधी ते समजून घ्या: हे इलेक्ट्रॉनिक वाद्य 1928 चं, फ्रान्समधलं. बोटातल्या अंगठीनं तार सरकवून सूर ओढतात. म्हणून तिथं मींड आहे. पेटीवर मींड निघत नाही तशी साध्या कीबोर्डवरही निघत नाही, पट्टीवरून पट्टीवर उडीच पडते. कीबोर्डला 'पोर्टामेंटो' (सुरावरून सुरावर घसरत जाणं) असेल तर मोनो करून 200 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा आणि पट्ट्या एकमेकींवर चढवून वाजवा. नसेल तर दुसऱ्या गिटारला काचेची स्लाइड द्या, टोन नॉब शून्यावर, आणि व्हॉल्यूम नॉबनं प्रत्येक सुराची सुरुवात लपवा. हे कीबोर्डपेक्षा जवळचं लागतं, खरं सांगते.

'मशीन झाली' म्हणणाऱ्या गटाला एक विचारा. किड एमधल्या 'इडियोटेक'चा उगम काय? जॉनीनं सिंथ आणि ड्रममशीन जुळवून पन्नासेक मिनिटं काहीबाही रेकॉर्ड केलं, त्यात संगीतकार पॉल लॅन्स्कीच्या 1973 च्या कॉम्प्युटर संगीताचा छोटा तुकडा होता. थॉमनं त्या ढिगातून थोडासा भाग निवडला आणि त्यावर गाणं बांधलं. ढीग उपसून एवढंसं निवडायला कानच लागतो. हाच जॉनी 2015 मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादकांबरोबर 'जुनून' हा अल्बम करत बसला होता, आणि तिथं तो बऱ्याचदा मागं, एका कोपऱ्यात वाजवतो.

आणि मुख्य मुद्दा. बदल दाखवायला पाच गाणी कशाला? 'ट्रू लव्ह वेट्स' एकच घ्या. हे गाणं ते 1995 पासून मैफलीत वाजवायचे, गिटारवर. स्टुडिओतलं रूप आलं थेट 2016 मध्ये, 'अ मून शेप्ड पूल'वर, आणि त्यात गिटारच नाही. पियानोचे थर एकमेकांवर सरकत राहतात, शेवटी एकमेकांशी जुळतच नाहीत. शब्द तेच, सूर तोच, एकवीस वर्षांचा फरक. पहिलं कडवं एका अकूस्टिक गिटारवर जोरात घ्या. मग गिटार थांबवा, आणि उरलेलं कीबोर्डवर, निम्म्या आवाजात. कीबोर्ड मल्टिइफेक्टच्या लूपरमधून (वाजवलेला तुकडा फिरवत ठेवणारा भाग) न्या: चार सुरांचा एक थर लूप करा, आणि दुसरा थर हातानं मुद्दाम थोडा मागं ठेवून वाजवा. तालाला चिकटवायचा मोह आवरा.

परभणी_बेस

हे एकदम पटलं ताई. मग क्रम असा: क्रीप, कर्मा पोलीस, एव्हरीथिंग, फिफ्टीन स्टेप, ट्रू लव्ह. रेकॉर्डवरच्या वेळा धरल्या तर 21 मिनिटं होतात. चार मिनिटं जोडाजोडीला.

बीडबायपास_वायर

चार मिनिटं पुरणार नाहीत, वायरिंग आधी सरळ केलं तर पुरतील.

डिस्टॉर्शन पेडल आणि मल्टिइफेक्ट एकाच अ‍ॅडॉप्टरला वाटणी करून लावू नका. डिजिटल यंत्राची बारीक शिट्टी डिस्टॉर्शनमध्ये शिरते आणि गेन चढवला की तीच मोठी होते. डिस्टॉर्शनला 9 व्होल्टची बॅटरी घाला. एका कार्यक्रमाला आरामात पुरते. अ‍ॅडॉप्टरच वापरायचा तर मधला पिन निगेटिव्ह आहे का ते पेडलवरच्या चिन्हाशी ताडून बघा.

लाइट गेली आणि हॉल इन्व्हर्टरवर गेला, की स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार भणभणते. साइन वेव्ह असेल तर प्रश्न नाही. आधी विचारून घ्या. जनरेटर असेल तर त्याच्या बोर्डाला अर्थिंग आहे का बघा; तारेला हात लावल्यावर आवाज बंद होत असेल आणि सोडल्यावर येत असेल तर घोळ बहुतेक अर्थिंगचा, पेडलचा नाही. आणि माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथंच थांबवा, आधी बोर्ड बदला.

मल्टिइफेक्टमधून सरळ मिक्सरला जाताय म्हणजे स्पीकर सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारी सोय) चालू पाहिजे. नाहीतर क्रीपचा फटका बाटलीत अडकलेल्या माशीसारखा ऐकू येईल. सगळं मोनो आहे, तर पिंग-पाँग डिले (डावी-उजवीकडं उड्या मारणारा) काढून टाका आणि मल्टिइफेक्टच्या फक्त डाव्या आउटपुटमधून वायर काढा. स्टिरिओ कोरसच्या दोन्ही बाजू मोनोत मिसळल्या की काही सूर एकमेकांना खातात, आणि कीबोर्ड मधेच पातळ होतो.

शेवटचं. ट्रू लव्हमध्ये ड्रम नाही, बेस नाही. साऊंडवाल्याला कागदावर लिहून द्या की अजून पाच मिनिटं आहेत. ड्रमर उठला की कार्यक्रम संपला असं समजून तो फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो आणि पेनड्राइव्हवरचं गाणं सोडतो.